भाकरी चुलीवर, टेबल वीस किलोमीटरवर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या. चार वर्षांपासून घरामागच्या पडवीत ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. मदतीला दोन बायका, प्रत्येकीला रोज ३५० रुपये. दिवसाला ३०० भाकरी, महिन्यात २५ दिवस काम, भाकरीला १२ रुपये. पीठ, गॅस आणि पाकीट धरून भाकरीमागे ५ रुपये खर्च. दुकानदारांचं कमिशन आणि माल पोचवणं यात महिन्याला १७ हजार जातात. हातात १८ हजार उरतात. आता वीस किलोमीटरवरच्या एका कॉलेजात, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या धंद्यांना जागा आणि सल्ला देणाऱ्या केंद्रात, त्यांची निवड झाली आहे. अकरा महिने टेबल-खुर्ची, इंटरनेट, बैठकीची खोली आणि एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक. महिन्याला १५०० रुपये. अट एकच, महिन्यातून किमान १२ दिवस हजेरी. नवरा म्हणतो, जवळपास फुकटच आहे, घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, टेबलावर बसून भाकरी होते का? मेंटॉर पहिल्याच भेटीत म्हणाले, ॲप काढा, आणि कंपनी निघाली की पाच टक्के माझ्या नावावर ठेवा. भाच्यानं फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात 'मिलेट फूडटेक' असं लिहिलंय. बाई लिहितात : "घरात मी भाकऱ्या करणारी. तिथं गेले तर उद्योजक होईन असं वाटतं. पण सरकारची जागा घेतली म्हणजे उपकाराखाली राहायचं का? आणि नाही म्हटलं तर पुढं सगळे दरवाजे बंद होतील का? पंधरा दिवसांत कळवायचं आहे."

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनी विचारलाय. टेबलावर बसून भाकरी होत नाही. भाकरीचा हिशेब मात्र होतो, आणि तो तुम्ही पत्रात इतका चोख मांडलाय की मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. अशाच एका सेंटरच्या निवड समितीवर मी काही वर्षं बसले आहे. अर्जासोबत रंगीत आलेख जोडणाऱ्या दहांपैकी आठ जणांना आपल्या वस्तूमागे खर्च किती, हे सांगता येत नाही. तुम्ही ते गॅससकट सांगितलंत.

मग तोच हिशेब एक पायरी पुढं नेऊ. भाकरी थापायला तिघी आहात, आणि सगळ्यात चपळ हात तुमचे असणार. सेंटरला जाल त्या दिवशी ३०० च्या जागी १८० भाकरी होतील असं धरते. १२ दिवसांत १४४० भाकरी कमी. दोघींची रोजंदारी तर द्यावीच लागणार. वाचेल फक्त भाकरीमागचे ५ रुपये आणि कमिशन-पोच मिळून सव्वादोन. म्हणजे प्रत्येक न झालेल्या भाकरीमागे पावणेपाच रुपये गेले, महिन्याला सात हजारांच्या आसपास. त्यात टेबलाचे १५०० आणि स्कूटरच्या पेट्रोलचे हजारेक मिळवा. नवरोबांना सांगा, हे जवळपास फुकट टेबल महिन्याला नऊ-साडेनऊ हजारांना पडतंय. तुमच्या हातात उरतात त्याच्या निम्मे.

हा आकडा बघून लगेच नाही म्हणू नका. त्याच आकड्यात दुसरी एक गोष्ट दडली आहे, आणि माझ्या मते ती टेबलापेक्षा मोठी आहे. तुम्ही एक दिवस चुलीपासून उठलात तर धंदा चाळीस टक्क्यांनी खाली येतो. ताप आला, भावाचं लग्न निघालं, मुलाची परीक्षा आली, तरी तेच. सेंटरला जायचं असो वा नसो, तिसरी बाई तयार करायला हवी. १२ दिवसांचे तिचे ४२०० रुपये. तिचा हात बसायला महिना-दोन महिने लागतील, काही भाकरी वाकड्या होतील, काही करपतील. पण हात बसला की उत्पादन घसरणार नाही, आणि टेबलाचा खरा खर्च ६७०० वर येईल. मग विचारायचा प्रश्न बदलतो : त्या सेंटरकडून मला महिन्याला ६७०० रुपयांचं काही मिळणार आहे का?

आता उपकाराबद्दल. या शब्दावर मी जरा अडखळलेच. सरकारनं धंद्याला जागा द्यायची, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालचं. एमआयडीसीतल्या प्लॉटवर आणि गाळ्यात वाढलेल्या कारखानदारांपैकी कुणी स्वतःला उपकाराखाली दबलेला समजतो का? मी स्वतः चोवीस वर्षं अशाच एका गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी केली. पत्रा गळायचा, शेजारच्या गाळ्यातला प्रेस दिवसभर धडधडायचा, पण भाडं वेळेवर भरलं की कुणाला सलाम ठोकायची गरज नव्हती. तुम्ही विकत घेता त्या तव्यावर, गॅसवर, स्कूटरच्या पेट्रोलवर कर भरता. ती जागा त्याच पैशातून आली आहे. गाळ्यात यंत्र ठेवत होते, इथं लॅपटॉप ठेवतात, एवढाच फरक. अर्थात हा 'एवढाच' फरक तुमच्यासाठी फार मोठा आहे, त्याकडे येतेच.

टेबल-खुर्चीनं धंदा वाढतो का, हे कुणी मोजलंय का? मोजलंय. चिली देशाच्या सरकारनं २०१० मध्ये 'स्टार्टअप चिली' नावाची योजना काढली. जगभरातून नवउद्योजक बोलावले, त्यांना रोख अनुदान दिलं, बसायला राजधानी सांतियागोमध्ये सामायिक जागा दिली, आणि बदल्यात कंपनीत हिस्सा मागितला नाही. पुढं दोन संशोधकांनी तिचा अभ्यास केला. त्यांना आढळलं ते असं : नुसते पैसे आणि नुसती जागा मिळालेल्यांच्या धंद्यावर काही परिणाम दिसला नाही. पण त्यातल्याच काही जणांना वेगळं निवडून, ठरावीक मुदतीनं समोर बसवून, पुढचं उद्दिष्ट काय, मागचं झालं का, अशी झाडाझडती घेतली जात होती. फरक दिसला तो त्यांच्यात.

मी निवड समितीवर होते तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर 'जागा किती चौरस फूट' हा रकाना मी कधीच खोडून टाकला असता.

तुमच्या सेंटरची पारख एका प्रश्नावर करा : दर महिन्याला माझ्यासमोर बसून माझी वही कोण उघडणार आहे? नाव सांगा, वार सांगा. 'आमच्याकडे मेंटॉरचं मोठं नेटवर्क आहे' असं उत्तर आलं तर समजा, कोणीच नाही. 'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अमुक सर बसतात, मागच्या वर्षीच्या सहा जणांना त्यांनी असं असं केलं' असं आलं, तर ते ६७०० रुपयांच्या तोडीचं असू शकतं. आणि मागच्या वर्षीच्या त्या सहांपैकी दोघांचे फोन नंबर मागून घ्या. सेंटरमधल्यांनी निवडून दिलेले नकोत, यादी मागा आणि तुम्ही निवडा. देणार नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

इन्क्युबेटर या शब्दाची गंमत सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाचं गाव आहे. तिथला शेती-अवजारांचा एक अवाढव्य कारखाना बंद पडला आणि गावातले हात रिकामे झाले. जोसेफ मँकुसो नावाच्या गृहस्थानं १९५९ मध्ये त्या इमारतीचे तुकडे करून छोट्या धंद्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांचा धंदा होता, त्यावरून त्यानं आपल्या जागेलाही इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, म्हणायला सुरुवात केली. शब्द तिथून जगभर गेला.

त्याच वर्षी, १९५९ च्या मार्चमध्ये, गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. लिज्जतची ही गोष्ट तुम्हाला शंभर जणांनी ऐकवली असेल आणि प्रत्येकानं ८० रुपयांवर जोर दिला असेल. मला त्यातला उसने देणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. छगनलाल करमसी पारेख, सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत करा आणि तीत कधी तडजोड करू नका. आणि हे घरकाम नव्हे, धंदा आहे, वह्या नीट ठेवा. जागा त्यांच्याकडे होती, गच्ची. नव्हतं ते हे सांगणारं माणूस. सरकारी मदतही आली, पण सात वर्षांनी : १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं मान्यता दिली आणि आठ लाखांचं खेळतं भांडवल दिलं. तोवर त्यांच्याकडे दाखवायला वही होती. तुमच्याकडे ती चौथ्या वर्षी आहे.

आता तुमचे मेंटॉर. ते वाईट असतील असं मी म्हणत नाही. कदाचित सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी मोठं काम केलं असेल. पण ज्वारीचा भाव सुगीनंतर किती उतरतो आणि पावसाळ्यात किती चढतो, कडक भाकरी भाद्रपदात सादळू नये म्हणून कुठलं पाकीट लागतं, पुण्या-मुंबईचा दुकानदार तुटलेल्या भाकरीचे पैसे कापतो तेव्हा काय बोलायचं, हे त्यांना माहीत आहे का? दांडोरा नावाची नैरोबीतली गरीब वस्ती आहे. तिथं छोटे धंदे करणाऱ्या बायकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. काहींना वर्गात बसवून धंद्याचं शिक्षण दिलं, तर काहींची गाठ त्याच वस्तीतल्या जुन्याजाणत्या, धंदा नीट चालवणाऱ्या बाईशी घालून दिली. वर्गात बसलेल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. ज्यांना शेजारची जाणती बाई मिळाली, त्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. तिनं त्यांना कुठली थोर विद्या शिकवली? बरंचसं हेच, की माल अमक्याकडून घेऊ नकोस, तमक्याकडे स्वस्त मिळतो. आणि पुढचंही ऐका : भेटीगाठी थांबत गेल्या तसा फायदाही विरत गेला. म्हणजे मेंटॉर ही लस नव्हे, एकदा टोचली आणि झालं. ते रोजच्या जेवणासारखं आहे.

म्हणून सेंटरला सांगा, मला भाकरीतला नको, पण अन्नाच्या धंद्यातला माणूस जोडून द्या. चटणी-मसाला-पापड, बेकरी, फरसाण, कशातलाही. सोलापुरात शेंगाचटणी वर्षानुवर्षं पाकिटात घालून गावोगाव पाठवणारी माणसं आहेत. टिकवणं, पाकीट, कमिशन, उधारी हे सगळं त्यांनी भोगून झालंय. सेंटरकडे असा माणूस नसेल तर तुम्ही स्वतः शोधा. एखाद्या पासष्टीच्या चटणीवाल्या काकांना महिन्यातून एक तास मागायला टेबलाची गरज नाही. शक्यतो थेट स्पर्धा नसलेला धरा. कडक भाकरीवाला तुम्हाला पाकिटाचा पत्ता सांगेल की चुकीचा पत्ता सांगेल, याची खात्री नाही!

पाच टक्क्यांबद्दल स्पष्टच बोलते. इन्क्युबेशन सेंटर संस्था म्हणून थोडा हिस्सा घेतात, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. तो करारात लिहिलेला असतो, सगळ्यांना सारखा असतो आणि बदल्यात काय मिळणार हेही लिहिलेलं असतं. सार्वजनिक पैशातून नेमलेल्या मेंटॉरनं पहिल्याच भेटीत, तोंडी, स्वतःच्या नावावर हिस्सा मागणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला उत्तर द्यायचं ते भांडून नाही, कागदावर. सेंटरच्या व्यवस्थापकांना दोन ओळींचा ईमेल करा : मेंटॉरनी वैयक्तिक हिस्सा घेण्याबाबत आपलं धोरण काय आहे, कृपया कळवावं. नाव घेऊ नका. धोरण असेल तर कळेल, नसेल तर त्यांना करावं लागेल, आणि बहुतेक वेळा मागणी आपोआप विरघळते.

शिवाय तुमच्याकडे आज देण्यासारखे पाच टक्के नाहीतच. तुमचा धंदा एकटीच्या मालकीचा, प्रोप्रायटरी आहे. त्यात शेअर नसतात. कुणाला शेअरचा हिस्सा द्यायचा म्हणजे आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची, मग दरवर्षी ऑडिट, विवरणपत्रं, चार्टर्ड अकाउंटंटची फी. दरमहा १८ हजार उरणाऱ्या धंद्यावर हे ओझं आज कशासाठी? दुसऱ्याला हिस्सा देता यावा म्हणून?

आणि ॲप. दिवसाला ३०० भाकरी तुम्ही आत्ताही विकताच. मागणी पुरवता येत नाही की माल पडून राहतो, हे पत्रात लिहिलेलं नाही. मागणी जास्त असेल तर ॲपनं ती आणखी वाढेल आणि तुम्ही फोन उचलायचं बंद कराल. माल पडून राहत असेल तर आधी कुठल्या दुकानात पडून राहतो ते बघा. दोन्हीकडे ॲपचं काम मला दिसत नाही.

तुमच्या मनातली एक गाठ मात्र सोडवायला हवी, आणि ती तुमच्यासारख्या अनेकींच्या मनात असते. सरकारी मदतीच्या रांगा दोन आहेत. एक स्टार्टअपची : १६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेलं 'स्टार्टअप इंडिया', नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची इन्क्युबेशन केंद्रं, आपल्या राज्याची नाविन्यता सोसायटी. ही रांग नवं काही शोधून काढणाऱ्यांची, झपाट्यानं पसरू शकेल अशा धंद्यांची. दुसरी रांग लघुउद्योगाची : जिल्हा उद्योग केंद्र, खादी-ग्रामोद्योग, कृषी खातं, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. पहिल्या रांगेत एसी असतो, कॉफीचं यंत्र असतं, भाषणं असतात. दुसरीत लाकडी बाक असतो आणि साहेब जेवायला गेलेले असतात. त्यामुळे पहिली रांग वरची आणि दुसरी खालची, असं वाटायला लागतं. भाच्याला तसं वाटलं म्हणून त्यानं भाकरीचं फूडटेक केलं. पण तुमच्या कामाचे पैसे दुसऱ्या रांगेत आहेत.

थोडं तपशिलात सांगते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० पासून आहे, लोक तिला पीएमएफएमई म्हणतात. यंत्रसामग्रीच्या बँक कर्जाला जोडून प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. चालू असलेला छोटा धंदा वाढवायलाही ते चालतं, आणि एकट्या मालकिणीलाही. आपल्याकडे ही योजना कृषी खात्यामार्फत राबवली जाते. तुमचा अर्ज आणि प्रकल्प अहवाल तयार करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. हीसुद्धा सरकारी खर्चानं दिलेली मेंटॉरच आहे, फक्त तिला तसं कोणी म्हणत नाही. दुसरी वाट पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, २००८ पासूनची : उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के. ही मात्र नवा धंदा उभारणाऱ्यांसाठी, म्हणून ती तुमच्याहून जास्त तुमच्या एखाद्या मदतनीस बाईच्या कामाची ठरू शकते. दोन्हीत एक मेख आहे, आधीच सांगते, कारण बँकेत गेल्यावर लोकांचा हिरमोड होतो. अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत बाजूला ठेवलेलं असतं आणि धंदा नीट चालला तर शेवटी कर्जात वळतं होतं. ज्यांना रोख हवी असते ते इथंच गळतात. अर्ज करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात योजनांची आजची स्थिती आणि मर्यादा विचारून घ्या, त्या मधूनमधून बदलतात.

जागाच हवी असेल तर टेबलाची कशाला, यंत्राची मागा. त्याच अन्नप्रक्रिया योजनेत सामायिक इन्क्युबेशन केंद्रांची तरतूद आहे : तासावर किंवा किलोवर पैसे भरून दळणं, वाळवणं, पाकीटबंद करणं अशी यंत्रं वापरता येतात. कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांत कुठं काय चालू आहे ते विचारा. आणि भरडधान्यासाठी हैदराबादला भारतीय कदन्न संशोधन संस्था आहे; तिचं 'न्यूट्रीहब' नावाचं इन्क्युबेशन केंद्र ज्वारी-बाजरीच्याच धंद्यांसाठी आहे. सोलापूरहून हैदराबाद काही लांब नाही. आयुष्यात एकदा तिथं जाऊन या. ज्वारीचा पदार्थ सहा महिने टिकवायचा कसा, हे तिथं विचारता येईल. कॉलेजातल्या टेबलावर नाही.

एक बारीक सूचना. सेंटरचा पत्ता पाकिटावर टाकायचा मोह होईल, छापील दिसतो चांगला. तसं करू नका. अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी जिथं पदार्थ होतो त्या जागेची असते. तुमचा पदार्थ पडवीत होतो. पडवीचाच पत्ता, पडवीचीच नोंदणी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तीही केली नसेल तर करून टाका. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पाचशे-हजार मागणारे सगळे मधले.

'नाही म्हटलं तर दरवाजे बंद होतील का?' नाही. हो म्हटलं तरीही होणार नाहीत. ज्या वाचकांचं काम खरोखर पहिल्या रांगेतलं आहे त्यांच्यासाठी सांगते : २०२१ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाच्या, म्हणजे सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या योजनेच्या, मूळ नियमांत आधी दुसरीकडून १० लाखांहून जास्त सरकारी मदत घेतलेली चालत नव्हती, पण सवलतीत मिळालेली बसायची जागा त्यात धरली जात नव्हती. म्हणजे टेबल घेतल्यानं पुढचं काही कापलं जात नाही. त्या मंडळींना सरकारी केंद्रं जरूर उपयोगी पडतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे; तिथं लाखोंची उपकरणं वापरायला मिळतात, जी कुणी घरी आणू शकत नाही. छत्रपती संभाजीनगरचं 'मॅजिक' हे केंद्र तिथल्या उद्योजकांच्या संघटनेनंच उभं केलंय, त्यामुळे सल्ला द्यायला कारखाना चालवणारी माणसं येतात. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना सरकारी खात्याकडून काम मिळतं, म्हणजे सरकारच पहिलं गिऱ्हाईक. आणि पस्तिशीच्या आतल्यांनी भारतीय युवा शक्ती ट्रस्टकडे बघावं; १९९२ पासून एका तरुणाला एक अनुभवी माणूस जोडून देण्याचं काम ते करतात, महाराष्ट्रातही.

आता त्या वाक्याकडे येते ज्यासाठी, मला वाटतं, तुम्ही पत्र लिहिलंत. "घरात मी भाकऱ्या करणारी. तिथं गेले तर उद्योजक होईन."

हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वीस किलोमीटरवर एक खुर्ची, जिच्यावर बसलं की कोणी चहा टाक म्हणत नाही, कोणी गॅसवाला आलाय म्हणून हाक मारत नाही, अशी खुर्ची कुठल्या बाईला नको असेल? मलाही गाळ्याचं पहिलं आकर्षण तेच होतं. खोकी नंतर. पण मग तिची किंमत त्या नावानं मोजा. 'धंद्यासाठी' म्हणून नऊ हजार घालू नका. 'माझ्या डोक्याला शांतता' म्हणून किती घालणार ते ठरवा. कदाचित उत्तर आठवड्यातून एक दिवस असेल, आणि तो तालुक्याच्या वाचनालयात फुकट मिळेल. कदाचित पडवीतच पाच बाय चारचा कोपरा, एक टेबल, एक कपाट, आणि दुपारी तीन ते पाच तिथं मी हिशेब करते, मला हाक मारायची नाही, एवढा घरातला एक नियम पुरेल. तो नियम करणं टेबल मिळवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला माहीत आहे. सासूबाईंना आपल्या बाजूला घ्या. 'टेबलावर बसून भाकरी होते का' असं विचारणाऱ्या बाईला उत्पादन आणि कार्यालय यातला फरक कळतो. त्यांना वहीतला एक रकाना सांभाळायला द्या, रोज किती भाकरी तुटल्या तो.

मी तुमच्या जागी असते तर सेंटरला सरळ हो किंवा नाही कळवलं नसतं. लिहिलं असतं : मला जागेची गरज महिन्यातून चार दिवस आहे, बाराची अट शिथिल होईल का, अन्नप्रक्रियेतला मार्गदर्शक मिळेल का, मेंटॉरच्या हिश्शाबद्दल धोरण काय. पंधरापैकी पहिल्या पाच दिवसांत हा ईमेल गेला पाहिजे, म्हणजे उत्तर यायला वेळ राहील. तिन्हींची उत्तरं बरी आली तर घ्या, तिसरी बाई कामाला लावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा हिशेब करा. दोन उत्तरं गोलमाल आली तर सोडा, आणि त्याच आठवड्यात कृषी कार्यालयाच्या लाकडी बाकावर जाऊन बसा. जाताना चार वर्षांची वही आणि भाकरीचं एक पाकीट न्या. साहेब जेवायला गेले असतील, थांबा. पाकीट टेबलावर दिसेल असं ठेवा.

फॉर्मचं राहिलं. तो दुरुस्त करून पाठवता येतो, भाच्याला सांगा. व्यवसायाच्या रकान्यात लिहा : ज्वारीची कडक भाकरी, रोज ३०० नग.